सायीच्या रंगाची जास्वंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, शाळेतल्या जिवाभावाच्या मैत्रिणीलाही नाही. एकदाच — जिला सांगायला हवं होतं तिलाच सांगायला गेले. त्याचं काय झालं ते पुढे येईल. पण ते सांगणं सांगण्यात धरावं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हा तुम्हीच पहिले, असं समजा.

गोष्ट एका जास्वंदीची आहे. हसू येईल तुम्हाला. जास्वंदीचं फूल ते केवढं — सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटून गळतं. एका दिवसाच्या फुलासाठी माणूस किती वर्षं घाबरून राहू शकतं? मी राहिले आहे. फोनवर बाईंचं नाव उमटलं की मी आजही आधी फोन पालथा ठेवते.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. तलासरीला भूगोल शिकवायच्या. राहायला डहाणूला, समुद्राच्या बाजूला, चिकूच्या वाडीत. माझं गाव झरी, आदिवासी वस्तीचं. घरी भात आणि नाचणी, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मला विज्ञानात बरे गुण पडले तेव्हा बाई स्वतः आमच्या घरी आल्या, ओटीवर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "हिला कॉलेजला माझ्याकडे ठेवते. तुम्ही फक्त हो म्हणा." वडील हो म्हणाले. मी डहाणूला बाईंच्या घरी राहून वनस्पतीशास्त्रात पदवीधर झाले. आज शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या अंगावरच्या साडीपासून माझ्या नावापुढच्या पदवीपर्यंत जे काही आहे, त्यात बाईंचा हात आहे. हे मी कृतज्ञता दाखवायला लिहीत नाही. मी काय केलं ते कुणाच्या बाबतीत केलं, हे कळावं म्हणून लिहिते.

एक प्रसंग इथेच सांगून टाकते. मी नवीनच राहायला आले होते. बाईंचे कुणी नातेवाईक जेवायला आले होते. मी आत पोळ्या लाटत होते आणि बाहेरून ऐकू आलं, "चांगलं करतेस, पण सांभाळून हो. ह्या लोकांच्या हाती दिलेली वस्तू टिकत नाही." बाई आत आल्या, कमरेची किल्ली सोडली, माझ्या पिठाच्या हातात दिली आणि त्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सवे, कपाटातलं चांगलं ताट काढ गो. किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

ती किल्ली मला मिळाली, आणि ते वाक्यही. किल्लीपेक्षा वाक्यच जास्त जपून ठेवलं मी — असं आता वाटतं. पण म्हणून काय? त्याहून वाईट ऐकलेली माणसं खोटं न बोलता जगतात.

बाईंचे यजमान, त्यांना सगळे अण्णा म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठूनशी जास्वंदीची एक फांदी ओल्या रुमालात गुंडाळून आणली आणि न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर लावली. सगळ्यांच्या दारी असते ती लाल नव्हे. ही पांढरी. म्हणजे अगदी पांढरीही नव्हे — दुधावरच्या सायीचा रंग, आणि आत मधोमध गडद लाल डोळा. अण्णा रोज सकाळी एक फूल तोडून बाईंच्या चहाच्या बशीत ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. बाई फूल उचलून खिडकीत ठेवायच्या आणि मग चहा प्यायच्या. ते दोघं एकमेकांशी प्रेमाने बोलताना मी कधी ऐकलं नाही. पण बशी कधी रिकामी पाहिली नाही.

अण्णा गेले. बाईंचा मुलगा निशूदादा तिकडे हिमाचलात, एका वीज प्रकल्पावर इंजिनिअर. लग्नही तिकडेच केलेलं. तो आईला घेऊन गेला. जाताना बाईंनी जास्वंदीची एक फांदी कुंडीत लावून सोबत नेली, मोगरा नेला, अबोली नेली, चाफ्याचा एक ठोंब नेला. आणि घराची किल्ली पुन्हा माझ्या हातात दिली. मागच्या दोन खोल्यांत मी राहायचं, पुढचं घर उघडझाप करायचं.

"बाकी काय पडझड झाली तर होऊ दे गो," बाई म्हणाल्या. "जास्वंद तेवढी सांभाळ."

तिकडच्या थंडीत आपली फुलं जगवणं हे किती अवघड असतं, हे तेव्हा आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाईंच्या घराला पुढे काचेचा एक व्हरांडा होता. त्यात बाईंनी सगळं डहाणू मांडलं. दिवस लहान, ऊन दुपारीच डोंगराआड. बाई कुंड्या उन्हाबरोबर सरकवत राहायच्या. हवा कोरडी, म्हणून परातीत खडे आणि पाणी घालून त्यावर कुंड्या ठेवायच्या. पाणी कोमट करून घालायच्या. रात्री जुन्या शाली पांघरायच्या. अबोली पहिल्याच हिवाळ्यात गेली. मोगऱ्याची पानं पिवळी पडली की मला फोन — "तू शिकलीस ना गो ते. सांग, काय करू." मी पुस्तकं काढून वाचायची आणि सांगायची. खूप अभिमान वाटायचा मला. ज्यांनी शिकवलं त्यांना मी शिकवत होते.

आता झाडाकडे येते.

त्या वर्षी जास्वंदीवर पांढऱ्या, कापसासारख्या किडीचा चिकटा आला. बाई असत्या तर जुन्या ब्रशने एकेक फांदी घासून, साबणाच्या पाण्याने धुऊन काढल्या असत्या. मला तेवढा वेळ नव्हता. किंवा — खरं सांगते — पदवी घेतलेल्या बाईने ब्रश घेऊन झाड घासायचं हे मला बरं वाटलं नाही. अण्णांच्या खोपटात दोन फवारणीचे पंप होते. एक फुलझाडांचा. दुसरा तणनाशकाचा, चिकूखालचं गवत मारायचा. दोन्ही दिसायला सारखे. गल्लत होऊ नये म्हणून अण्णा तणनाशकाच्या पंपाच्या दांड्याला लाल चिंधी बांधून ठेवत. मला ते माहीत होतं. पण मी खोपट उघडलं तेव्हा चिंधी कुठल्याच पंपाला नव्हती. कुजून पडली असेल.

मी काय करायला हवं होतं? बाईंना फोन करून विचारायला हवं होतं. एवढंच. पण विचारायचं म्हणजे मला कळत नाही हे कबूल करायचं. मी जवळचा पंप उचलला, एकदा विसळला, कडुलिंबाचं तेल आणि साबण घातला, आणि झाडाला पान न् पान भिजेल असं फवारलं.

पानं आधी पिवळी पडली, मग वळली, मग शेंड्यापासून सुकत आली. मी खोडाला नखाने ओरखडून पाहत होते, आत हिरवं दिसतंय का. एक दिवस मुळाशीही दिसेना.

ते वाक्य तेव्हा मला पुन्हा ऐकू आलं. ह्या लोकांच्या हाती दिलेली वस्तू.

मी झाड उपटलं. सरपणात टाकलं. त्या जागेचा खड्डा डोळ्यांत येऊ नये म्हणून शाळेच्या आवारातल्या जास्वंदीची फांदी तिथे खोचली. साधी, लाल. बाईंनी फोनवर झाड दाखव म्हटलं की अंगणात रेंज येत नाही म्हणायचे, नाहीतर आत्ताच छाटलंय म्हणायचे. बाजूच्या वाडीतल्या जसुबेन मात्र कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या गुजराती बोलत, आम्ही मराठीत उत्तर देत असू. "पेलुं धोळुं जासूद क्यां गयुं?" ते पांढरं जास्वंद कुठे गेलं, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, वाळलं. जसुबेन म्हणाल्या, "बाईला बोलली?" मी म्हटलं, हो. झालं — आता त्या खोट्याला एक साक्षीदारही होता.

तरीही तोवर ते एका मेलेल्या झाडाएवढंच होतं. सांगता आलं असतं. बाई चिडल्या असत्या, दोन दिवस बोलल्या नसत्या. तिकडे त्यांच्याजवळ त्याच झाडाची कुंडी होतीच. तिची फांदी इकडे आली असती, पुन्हा लावली असती.

मग ती कुंडी गेली.

कशी गेली ते ऐकून तुम्हाला वाईटही वाटेल आणि हसूही येईल. बाई स्वतः सांगताना हसत होत्या, नाक पुसत होत्या. चांगलं ऊन पडलं म्हणून त्यांनी कुंडी बाहेर ओट्यावर ठेवली होती. संध्याकाळी खालच्या घरातली म्हातारी जाता जाता म्हणाली, "माताजी, आज पाला पड़ेगा." बाईंनी मान डोलावली. पाला पडेल — म्हणजे पानं गळतील. थंडीत गळतातच. पडू दे. हिंदीत पाला म्हणजे दहिवर, गोठवून टाकणारं, हे बाईंच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी जास्वंद उकडलेल्या भाजीसारखी काळी होऊन खाली लोंबत होती.

"जन्मभर पोरांना दहिवर शिकवलं गो," बाई म्हणाल्या, "आणि दारात आलं तेव्हा ओळखलं नाही. मीच म्हटलं, पडू दे."

आणि मग, आवाज खाली आणून — "तू आहेस म्हणून बरं. तिथलं मूळ झाड आहे. एक फांदी पाठव."

 मी म्हणाले, पाठवते बाई.

मी शोधलं, हे खरं आहे. बोर्डीपर्यंत रोपवाटिका पालथ्या घातल्या. पिवळी मिळाली, गुलाबी मिळाली, दुहेरी पाकळ्यांची मिळाली. सायीच्या रंगाची, लाल डोळ्याची नाही मिळाली. जसुबेनना विचारलं असतं तर कदाचित कळलंही असतं, अण्णांनी फांदी कुठून आणली होती ते. पण त्यांना विचारायचं तर बाईंना काही सांगितलेलं नाही हे उघड होणार. म्हणून नाही विचारलं.

निशूदादा कामासाठी मुंबईला आला होता, तिथून गाडीने सुरतेला निघाला होता. मला म्हणाला, डहाणूत शिरायला वेळ नाही, हायवेवर भेट. अच्छाडच्या एका ढाब्यावर भेटलो. ट्रकांची रांग लागलेली, धूळ उडत होती. मी मुळं फुटलेली फांदी केळीच्या सोपात, खोडाच्या ओल्या सालीत गुंडाळून, सुतळीने बांधून आणली होती. लाल जास्वंदीची फांदी. फूल नसेल तर कुठल्याही जास्वंदीची फांदी दुसरीसारखीच दिसते. दादाने ती दोन्ही हातांनी घेतली.

"आई दुसरं काहीच मागत नाही गं," तो म्हणाला. "साडी नको, देवळं नकोत. एवढंच मागते. आणि तू बघ, सांगितल्याबरोबर आणलंस."

मला चहा पाजला त्याने. मी प्यायले.

त्या वेळी मी स्वतःला काय सांगितलं असेल? हेच — की तिथे ती जगणारच नाही. एवढ्या थंडीत आलेली फांदी, पहिल्या हिवाळ्यातच जाईल. आणि जगलीच तर फुलणार नाही. जास्वंदीला ऊन लागतं. म्हणजे मी बाईंसाठी झाड पाठवलं, आणि ते मरावं अशी आशा धरून बसले. मी असं लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तसंच होतं ते.

ती जगली. बाईंनी तिला जगवलं. ह्या खेपेला चूक नको म्हणून त्यांनी ती काचेच्या व्हरांड्यातून बाहेरच काढली नाही. पान आलं की फोटो, नवा फुटवा आला की फोटो. दर फोटो उघडताना मी आधी शेंडे बघायचे — कळी आहे का? आहे का कळी? बाईंना जे हवं होतं त्याचीच मला भीती होती. एकाच झाडाकडे आम्ही दोघी डोळे लावून बसलो होतो.

मग मी आणखी एक केलं. आणि हे केलं ते माझ्या शिक्षणाच्या जोरावर. जास्वंदीला कळ्या नव्या फुटव्याच्या शेंड्याकडे येतात. शेंडा खुडत राहिलं तर झाड घेरदार होतं, पण फूल लांबतं. मी बाईंना म्हटलं, "बाई, शेंडे खुडत राहा. आधी झाड भरू दे, मग फुलं चांगली येतील." बाई म्हणाल्या, "बरं गो." उन्हाळा आला की फुटवे यायचे आणि बाई माझ्या शब्दावर ते खुडायच्या. वर्षानुवर्षं. मोगऱ्याबद्दल मी त्यांना सगळं खरं सांगायचे. जास्वंदीबद्दल एकही नाही.

मग एका उन्हाळ्यात बाईंचा हात दुखावला आणि खुडायचं राहिलं.

कळीचा फोटो आला तेव्हा मी शाळेत होते. कळी बंद होती, पण टोकाशी रंग दिसत होता. नववीच्या वर्गावर तास होता माझा. पानाचे भाग शिकवायचे होते. मला फळ्यावर देठाचं चित्र काढता येईना.

पुढचे काही दिवस मी फोन बंद ठेवत होते, पुन्हा चालू करत होते. शेवटी बाईंचाच आला. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "फूल आलं गो. पण लाल आलं. अख्खं लाल. थंडीने रंग बदलतो का गो? तू शिकलीस ते."

बघा, दार उघडं होतं. बाईंनी स्वतःच उघडलेलं. खरं सांगायचं असतं तर ते तेव्हा सांगायचं. मी म्हटलं, "हो बाई. हवापाण्याने बदलतो थोडाफार." बाईंना ते पटलंही असतं. पण दादा इंजिनिअर. त्याने वाचलं, कुणाला विचारलं, आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल केला. एका बाजूला तो, एका बाजूला बाई, खांद्यावर शाल.

"सविता, पांढऱ्याचं असं लालभडक होत नाही म्हणतात," दादा म्हणाला. "मला तर रंग आठवतच नाही, मी कधी लक्षच दिलं नाही. आई म्हणते पांढरी होती. तिथलं झाड दाखव ना जरा. तिचं समाधान होईल."

रेंज नाही, म्हणता आलं असतं. नेहमी म्हणत होतेच. पण दादा हसत होता, बाई पुढे वाकून बघत होत्या, आणि मला वाटलं, आत्ता नाही म्हटलं तर सगळं कळेल. मी अंगणात गेले. खड्ड्यात खोचलेली फांदी तोवर माझ्या डोक्याच्या वर गेली होती. फुलांनी भरलेली होती. मी फोन झाडाकडे वळवला.

 मग बाईंचा आवाज.

"ही आपली?"

"हो बाई."

"अण्णांनी लावलेली?"

"हो."

"सवे, लाल होती?"

तर हे ते. झाड मेलं ते नव्हे, फांदी दिली ती नव्हे. हे. मी म्हटलं, "लालच होती, बाई. पहिल्यापासून."

"बघ आई," दादा मायेने म्हणाला. "वयाने होतं असं. त्यात काय."

बाई फोनकडे बघत राहिल्या. ह्या बाई वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं तर रागवायच्या नाहीत, "नकाशा उघड आणि बघ" म्हणायच्या. स्वतःला शंका आली तर स्वतःही उघडायच्या, सगळ्या वर्गासमोर. त्या दिवशी त्यांनी तेच केलं होतं. नकाशा म्हणून मला उघडलं होतं.

"असेल," त्या म्हणाल्या. "माझंच चुकत असेल मग."

नंतर दादाचा वेगळा फोन आला. म्हणाला, आधीही एकदोनदा गॅस चालू राहिला होता, तेव्हा आम्ही मनावर घेतलं नाही. आणि ते पाल्याचं आठवतं ना तुला? तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पाल्याचं. डहाणूतल्या कुणालाही उभं करा आणि पाला पडेल म्हणून सांगा, तो पानंच समजेल. त्यात विसरणं कुठे होतं? मला माहीत होतं. मी म्हटलं, "हं, दादा."

डॉक्टरांना दाखवून झालं. वय आहे म्हणाले. वहिनीने स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली — काळजीने, त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बाईंचं एकटीने बाजारात जाणं बंद झालं. मला विचारा, आजार आधीच सुरू झाला होता का? झाला असेल. मी डॉक्टर नाही. झाला नसेलही. मला फक्त एवढं माहीत आहे, की ज्या गोष्टीवरून त्यांनी स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं, त्या गोष्टीत त्या बरोबर होत्या.

आणि त्यांनी तो विश्वास कुणावर ठेवला? माझ्यावर. त्या दिवसापासून बाई मला आठवणी विचारायला लागल्या. अण्णा चहात साखर घालायचे ना गो? निशूचा हात मोडला तो आंब्यावरून पडून ना? माझ्या आईचं घर वाढवणच्या वाटेला होतं, की मी उगाच म्हणते? "तू सांगशील ते खरं," म्हणायच्या. मी नीट आठवून, अगदी खरं तेच सांगायचे. ते खरं सांगताना मला जेवढी भीती वाटली तेवढी खोटं सांगतानाही वाटली नव्हती. एका माणसाचं अख्खं आयुष्य माझ्या हाती दिलं होतं, सांभाळायला.

मला जसुबेनची भीती वाटायची. दादाने एक फोन केला असता, "जसुबेन, आमची जास्वंद कुठल्या रंगाची होती?" की संपलं असतं. जसुबेन कुंपणाशी आल्या की मी आत जायचे. दादाने कधी फोन केला नाही. त्याला गरजच काय होती? मी सांगितलं होतं ना. मग जसुबेन गेल्या. मी त्यांच्या घरी जाऊन बसले, रडलेही. आणि घरी परत येताना मला पोटातून हलकं वाटलं. एका शेजारणीच्या मरणाने हलकं वाटलं. ते हलकेपण मी विसरू शकलेले नाही.

ह्या हिवाळ्यात दादा घराच्या कागदांसाठी आला आणि बाईंना सोबत घेऊन आला. खूप खालावली आहे त्यांची तब्येत. पण बोलतात, हसतात. माझ्या नवऱ्याने त्यांची खुर्ची अंगणात ठेवली. त्याला काहीच माहीत नाही — लग्न करून तो इथे आला तेव्हा त्या जागी लालच झाड होतं. सकाळी बाईंनी स्वतः हात वर करून एक लाल फूल तोडलं, चहाच्या बशीत ठेवलं आणि कपाला हातही न लावता बशीकडे बघत बसल्या.

"अण्णांना लाल फार आवडायची," त्या म्हणाल्या.

मी खाली त्यांच्या पायांशी बसले होते. आणि मी सांगितलं. सगळं. पंप, चिंधी, सरपण, अच्छाडची फांदी, शेंडे खुडायला का सांगितलं ते. म्हटलं, बाई, ती पांढरी होती. सायीसारखी. आत लाल डोळा. तुम्हाला बरोबर आठवत होतं, मी खोटं बोलले.

बाईंनी ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लालच होती गो," त्या म्हणाल्या. "तूच नाही का सांगितलंस मला? झाड दाखवलंस फोनवर." आणि समजुतीच्या आवाजात, "शाळेचं काम फार पडतं तुला. विसरायला होतं."

दादा कागद घेऊन बाहेर आला. "काय चाललंय दोघींचं?"

"काही नाही रे. सविताला जरा विसरायला होतंय आताशा."

दादा हसला. म्हणाला, "घ्या. आता हीपण." मला त्याला तिथेच थांबवता आलं असतं. तो समोर उभा होता, दोन हातांवर. शुद्धीवर होता, त्याला सगळं कळलं असतं, तो विसरलाही नसता. म्हणूनच मी बोलले नाही.

मी हसले.

ते परत गेले. काल बाईंचा फोन आला होता, व्हरांड्यातल्या जास्वंदीला कळ्या धरल्या आहेत म्हणून.

ती पांढरी होती. बाईंना बरोबर आठवत होतं.